आपली कंपनी हरली

इंग्लंडातल्या फुटबॉल संघांपैकी आपला कुठला मानायचा, हा प्रश्न मोखाड्यातल्या पोरांनी कधीच निकाली काढलाय. जो जिंकतोय तो आपला. त्यामुळे एसटी स्टँडवर काही वर्षांपूर्वी मँचेस्टरचा लाल टी-शर्ट दिसायचा, आता मँचेस्टरचाच निळा दिसतो. गाव तेच, मालकाची गिरणी वेगळी. पोरांना मी दोष देत नाही. आठवडाभर काही ना काही हरत असतो माणूस. शनिवारी रात्री तरी त्यानं हमखास जिंकावं. पण याला पाठीराखा म्हणायचं, तर लग्नाच्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला मुलीकडचा म्हणावं लागेल.

माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर आणि जव्हारच्या गाडीत दांड्याला लटकून अनेकदा मांडलेलं आहे. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला शोभेल असा इंग्लंडात एकच संघ आहे: ब्लॅकबर्न रोव्हर्स. त्या संघानं गेल्या पंधरा वर्षांत जे जे सोसलं, ते सगळं आमच्याकडे आधीपासून चालू आहे. ब्लॅकबर्नच्या माणसाला त्याची सवय लावून घ्यावी लागली. आमची तयारी होतीच.

पहिलं नातं कोंबडीचं. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजनं, म्हणजे वेंकटेश्वरा हॅचरीजच्या राव कुटुंबानं, हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये काढलेली ही कंपनी. रविवार असो की सोमवार, अंडी खा म्हणून टीव्हीवरून आपल्याला वर्षानुवर्षं बजावणारी ती अंडी समन्वय समिती, तीही त्यांच्याच पुढाकारानं १९८२ मध्ये उभी राहिली. मोखाड्यात पिंजऱ्यातल्या ब्रॉयलरचं कूळ शोधत गेलात तर वाट पुण्याकडे वळण्याची शक्यता बरीच. आणि पुण्याहून तीच वाट पुढे लँकेशायरला जाते.

हे मी आमच्या चिकन सेंटरवाल्या भाऊंना सांगितलं, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली. भाऊंच्या हातातली सुरी गिऱ्हाईक असताना खाली जात नाही.

"म्हणजे सर, आपल्या कंपनीची टीम आहे?"

"आहे."

"गोऱ्या लोकांची?"

"सगळ्याच लोकांची. पण पगार आपली कंपनी देते."

तेव्हापासून भाऊंच्या तोंडी रोव्हर्स हे नाव नाही. ‘आपली कंपनी’. रविवारी सकाळी मी अर्धा किलो घ्यायला गेलो की आधी निकाल, मग मटण-चिकनचा भाव. "आपली कंपनी हरली काय?" असा प्रश्न ते विचारतात. जिंकली काय, असं विचारायचं त्यांनी लवकरच सोडून दिलं, उगाच दोन वाक्यं खर्च होतात.

भाऊंना फुटबॉलमधलं ऑफसाइड कळत नाही. (मलाही ते कळतं असं मी फक्त नववीच्या वर्गासमोर म्हणतो.) पण धंदा कळतो. त्यांनी एकदा विचारलं, यांचा मोसम कधी सुरू होतो. म्हटलं, ऑगस्टच्या सुरुवातीला. भाऊंनी कपाळावर हात मारला. "श्रावणात? कोंबडीवाल्याची टीम आणि श्रावणात मुहूर्त? सर, पुण्याचे ना हे लोक? कोणी सांगायला नाही का घरात मोठं?" त्यानंतर ऑगस्टमधल्या प्रत्येक पराभवाचं कारण ठरून गेलं. सप्टेंबरात हरले की पितृपक्ष. मार्चमध्ये हरले तर उन्हाळ्यात कोंबडी दाणा खात नाही, वजन धरत नाही. भाऊंच्या या शास्त्रात एक खोट मात्र आहे. त्यात जिंकायला जागाच ठेवलेली नाही.

आमचं आणि त्यांचं वर्षही एकमेकांशी कसं जुळतं पाहा. इकडे लावणी उरकून चिखलाचे पाय धुतले जातात, तेव्हा तिकडे पहिला सामना. नागली-वरई निघून, दिवाळी करून, आमची माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा तिकडे संघ तक्त्याच्या मधोमध. मे महिन्यात पाड्यांवर टँकर फिरू लागतात आणि माणसं परतायला लागतात, तेव्हा तिकडचा हिशेब लागतो: वर, खाली की आहे तिथेच. चोवीस संघ, शेहेचाळीस सामने, आणि शेवटी बहुतेक वेळा आहे तिथेच. मधे काय झालं ते सगळं तोंडपाठ असणारा माणूस म्हणजे पाठीराखा. तो मधला काळ आमच्या घरी मी कसा काढतो, हे बायकोला विचारू नये.

तिनं संघाबद्दल एकच मत दिलंय. मी मोबाइलवर त्यांचा टी-शर्ट दाखवला: उभा अर्धा निळा, अर्धा पांढरा. "कापड कमी पडलं होतं का?" ती म्हणाली. कापडाच्या गिरण्यांच्या गावाबद्दल इतकं जिव्हारी लागणारं कोणीच बोललं नसेल.

या क्लबाला हलकं मात्र समजायचं नाही. स्थापना १८७५. एफए कप त्यांनी १८८४, १८८५ आणि १८८६ असा लागोपाठ तीन वर्षं घरी नेला. एकूण सहा वेळा. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉलची पहिली लीग काढली त्यात हे होते, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली त्यातही होते. दोन्ही वेळी सुरुवातीपासून हजर असे क्लब तीनच. बाकीचे दोन ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन. आमच्या भागात सुगी झाल्यावर शेतात टेनिस बॉलचे सामने होतात, त्यात पहिल्या नंबरला बोकड असतो. चषक जिंकला की तो कपाटात ठेवून शंभर वर्षं बघत बसायचं, ही इंग्रजी पद्धत आमच्या पोरांना अजून पटलेली नाही.

पण मी या संघाचा झालो तो चषकांसाठी नाही. झालो तो दोन निकालांमुळे. 

पहिला १४ मे १९९५ चा. गावचाच एक माणूस, जॅक वॉकर, पोलादाच्या धंद्यात पैसा करून क्लबाचा मालक झाला होता. त्यानं केनी डाल्ग्लिशला प्रशिक्षक म्हणून आणलं, ॲलन शिअररला विक्रमी रकमेला घेतलं. त्या मोसमात शिअररनं लीगमध्ये ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न पहिल्या क्रमांकावर, मँचेस्टर युनायटेड दोन गुणांनी मागे. ब्लॅकबर्नचा सामना लिव्हरपूलच्या मैदानावर. शिअररनं गोल केला, लिव्हरपूलनं बरोबरी केली आणि अगदी शेवटच्या क्षणी फ्री किकवर दुसरा गोल ठोकला. ब्लॅकबर्न २-१ नं हरलं. त्याच वेळी लंडनला युनायटेड १-१ अशा बरोबरीत अडकल्याची बातमी आली. ८९ गुण विरुद्ध ८८. हरलेला संघ मैदानात नाचतोय, आणि जिंकलेल्या लिव्हरपूलचे लोकही टाळ्या वाजवतायत, कारण डाल्ग्लिश त्यांचा जुना लाडका आणि युनायटेड त्यांचा जुना दुष्मन.

भाऊंना हे समजावताना माझा घसा बसला.

"हरले आणि पहिले आले?"

"हो."

"जिंकले असते तर?"

"तरी पहिलेच."

"मग खेळले कशाला?"

पण दुकानात तेव्हा आमचे निवृत्त तलाठी आप्पा बसले होते. आप्पांची सगळी नोकरी या तालुक्याच्या दप्तरात गेली. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, "त्यात काय. पॅनेल पडलं, पण सरपंच आपला आला." भाऊंना एका क्षणात कळलं. मी इतकी वर्षं वर्गात शिकवतो, पण असं उदाहरण मला ऐन वेळी कधी सुचत नाही.

दुसरा निकाल ७ मे २०१७ चा. आता मालक पुण्याचे, आणि संघ दुसऱ्या श्रेणीत तळाशी. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डच्या मैदानावर ब्लॅकबर्न ३-१ नं जिंकलं. व्यवस्थित जिंकलं. आणि तिसऱ्या श्रेणीत गेलं. कारण नॉटिंगहॅम फॉरेस्टही त्याच दिवशी ३-० नं जिंकले, दोघांचे ५१ गुण झाले आणि गोलफरकात फॉरेस्ट वाचले. प्रीमियर लीग जिंकलेला एखादा संघ तिसऱ्या श्रेणीत पोचण्याची ती पहिलीच वेळ. हरून पहिले येणं आणि जिंकून खाली जाणं, हे दोन्ही ज्यांनी करून दाखवलं त्यांच्याकडून आणखी काय शिकायचं राहतं?

या वेळी आप्पांनी तंबाखूही मळली नाही. "यादीत नाव आलं, निकषात बसलं नाही," ते म्हणाले. "घरकुलाचं असंच होतं."

७ मे या तारखेबद्दल एक सूचना. त्याआधी पाच वर्षं, ७ मे २०१२ रोजी, हाच संघ प्रीमियर लीगमधून खाली पडला होता. त्यामुळे आमच्याकडे लग्नसराई ऐन भरात असली तरी या तारखेचं आमंत्रण आलं की मी आधी पत्रिकेतला मुहूर्त बघतो, मग संघाचं वेळापत्रक.

त्या २०१२ च्या ७ मे बद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्या दिवशी जे घडलं ते मोखाड्यात घडलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. ब्लॅकबर्नचं मैदान ईवुड पार्क, समोर विगनचा संघ. हरलं की खाली. लोक मालकांवर इतके चिडलेले की एकानं क्लबाच्या रंगाचं फडकं अंगावर घातलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालक कोंबडीवाले, म्हणून निषेधही कोंबडीतून. खेळ थांबला, कोंबडी हिंडली, पकडली गेली, खेळ पुन्हा सुरू झाला. शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना विगननं गोल केला, १-० नं जिंकले, आणि अकरा वर्षं वरच्या श्रेणीत असलेला आपला संघ खाली.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या कोंबडीचा फोटो होता. कुणी तिला अपमान म्हटलं, कुणी विनोद. भाऊंना मी तो फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल उजेडात नेला, फोटो मोठा केला, तिरका केला.

"गावठी वाटते," ते म्हणाले. "ब्रॉयलर असती तर इतकी पळाली नसती. चार पावलांत बसते ती."

आणि मग, अर्थात: "पकडली कोणी?"

"माहीत नाही."

"ज्यानं पकडली त्याची."

यावर दुकानात बराच वेळ चर्चा झाली. एकाचं म्हणणं, मैदानात आली म्हणजे क्लबाची. दुसरा म्हणाला, सोडणाऱ्यानं सोडली म्हणजे ती देवाला सोडल्यासारखी, तिला हात लावायचा नाही. आमच्या भागात देवाला कोंबडं देणं आणि ते नंतर कुणाच्या ताटात जाणं याचे नियम इतके पक्के आहेत की फुटबॉलच्या नियमपुस्तकात त्याबद्दल काही नाही हे ऐकून सगळ्यांना इंग्रजांची कीव आली. दीडशे वर्षं राज्य केलं म्हणतात!

आता दुसरं नातं: दूरचा मालक.

नवीन मालक आले तेव्हा ब्लॅकबर्नमध्ये मोठमोठ्या गोष्टी झाल्या. रोनाल्डिन्यो येणार, अशीही हवा होती. तो ब्राझीलला, फ्लेमेंगोत गेला. आमच्या एका शिक्षकमित्रानं हे ऐकून डहाणू-नाशिक रेल्वेची आठवण काढली. ती जव्हार-मोखाड्यावरून जाणार अशी हवा माझ्या वडिलांच्या लहानपणापासून आहे. फरक इतकाच की रोनाल्डिन्यो निदान कुठेतरी गेला.

पहिला दणका महिन्याभरातच बसला. सॅम अलार्डाइस हे प्रशिक्षक, संघ तेराव्या क्रमांकावर, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मानानं सुखात. डिसेंबरात त्यांना काढलं आणि स्टीव्ह कीन यांना बसवलं. पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मालकांनी सगळा संघ पुण्यात आणून बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळवला. लीगमध्ये संघ गटांगळ्या खात असताना. कंपनीच्या जाहिरातीत खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खाताना दिसले. त्याच मोसमात, ३१ डिसेंबर २०११ ला, हा तळातला संघ मँचेस्टर युनायटेडच्या घरी जाऊन ३-२ नं जिंकला, आणि तोही त्यांचे प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला. तरीही मे महिन्यात खाली. माझ्या डोक्यात तो जिंकलेला निकाल अजून ताजा आहे. खाली गेल्याचा मी मनात आणत नाही. पाठीराख्याची स्मरणशक्ती गरजेपुरतीच असते.

त्यानंतरचा मोसम, २०१२-१३, हा आमच्या तालुक्याला थेट आपलासा वाटावा असा. एका मोसमात प्रशिक्षकाच्या खुर्चीत पाच माणसं बसली, कायमची आणि तात्पुरती धरून: कीन, ब्लॅक, बर्ग, बोयर, ॲपलटन आणि शेवटी पुन्हा बोयर. हेनिंग बर्ग ५७ दिवस राहिले, दहा सामन्यांत एक जिंकले. मायकेल ॲपलटन ६७ दिवस.

मोखाडा म्हणजे सरकारी नोकरीत शिक्षेची बदली, असा समज महाराष्ट्रभर आहे. इथे रुजू होणारा माणूस पहिल्या दिवशी दोन अर्ज करतो, एक रुजू झाल्याचा आणि एक परत जाण्याचा. सामान सोडतच नाही. गादीची दोरी तशीच ठेवतो. त्यामुळे ५७ दिवस हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये कुणी चकित झालं नाही. एकानं तर विचारलं, "त्यात सुट्ट्या धरल्यात का?" चकित झाले ते पुढचं ऐकून. बर्ग यांचा करार तीन वर्षांचा होता. ते कोर्टात गेले आणि त्यांना सुमारे २२ लाख पौंड मिळाले. दहा सामने, एक विजय, २२ लाख पौंड. स्टाफरूममध्ये शांतता पसरली. मग गणिताचे सर रुपयांत करू लागले आणि अर्ध्यावर खडू ठेवून देवळाच्या बाजूला फिरायला निघून गेले.

पण प्रशिक्षक काढणं-घालणं हे तिकडच्या लोकांचं खरं दुखणं नाही. त्यांची मुख्य तक्रार अशी की मालक येत नाहीत. वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. ईवुड पार्कच्या लोकांनी मोर्चे काढले, फलक लावले, घोषणा दिल्या. पुण्यापर्यंत आवाज पोचला की नाही कळायला मार्ग नाही. मालकांच्या बाजूनं एक सांगायला हवं: पैसा ते ओततात, आणि भरपूर ओततात. क्लब तोट्यात, आणि तोटा दरवर्षी पुण्यानं भरायचा. अलीकडे तर पैसे पाठवायला दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. ब्लॅकबर्नला डावा विंगर घ्यायचा, त्याची फाइल दिल्लीत! एवढी भारतीय पद्धत रुजवायला इंग्रजांना आपल्याकडे शंभर वर्षं लागली होती.

इतिहासात याच्या उलटही झालंय. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला गेले, ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला राहिले. आपल्याकडच्या परदेशी कापडाच्या बहिष्कारानं तिथल्या कामगारांच्या चुली थंडावल्या होत्या, तरी गिरणीतल्या बायकांनी त्यांचं हसून, हात वर करून स्वागत केलं. तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. म्हणजे गिरण्या बंद पडायला ज्याचा हातभार लागला, तो माणूस भेटायला आला. गिरण्या गेल्यावर गावाला जो एक फुटबॉल संघ उरला, त्याचे मालक मात्र येत नाहीत.

हे वाचून कुणाला फार वाईट वाटत असेल तर त्यानं मोखाड्यात यावं. इथे मध्य वैतरणा धरण आहे. भरतं आमच्या पावसानं, पाणी पितं मुंबई. मुंबईतला कुणी माणूस नळ सोडताना मोखाड्याकडे तोंड करून नमस्कार करतो असं मी ऐकलेलं नाही. एप्रिल आला की धरणाच्या तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत. ‘आमचं आहे पण आमच्या हातात नाही’ या भावनेवर ब्लॅकबर्नचे लोक इंग्रजी वर्तमानपत्रांत लेख लिहितात. आम्ही रांगेत नंबर लावतो. त्यांनी एकदा आमच्याकडे अभ्यासदौऱ्यावर यायला हरकत नाही. सूर्यमाळला उतरण्याची सोय होईल, देवबांधच्या गणपतीला जाता येईल, जेवणाला गावठी कोंबडी. ब्रॉयलर देणार नाही, जखमेवर मीठ कशाला?

निकाल इथे पोचतो कसा, हाही एक विषय आहे. ब्लॅकबर्नचे सामने सहसा आपल्याकडच्या टीव्हीवर दिसत नाहीत. ती चैन मँचेस्टरवाल्यांची. शनिवारी दुपारी तीनचा तिकडचा सामना म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेसात, थंडीत साडेआठ. नेमकी लाइट जाण्याची वेळ. लाइट गेली की टॉवरही मान टाकतो. मग मोबाइल घेऊन शाळेच्या गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं राहायचं, तिथे एखादी रेघ येते. अशा वेळी गोल तुकड्यातुकड्यांनी येतात. ० - ० बघून जिना उतरावा, वर यावं तर १ - ३. मधे काय झालं ते आपणच मनात भरून घ्यायचं. मी स्वतः पाहिलेल्या सामन्यांपेक्षा असे मनात भरलेले सामने कितीतरी देखणे झाले आहेत.

८ मे २०२३ ची रात्र मी त्या गच्चीवर काढली. मिलवॉलच्या घरी सामना. जिंकलं आणि सगळं जुळून आलं तर पहिल्या सहांत, म्हणजे वर जाण्याच्या फेरीत प्रवेश. मध्यंतराला ब्लॅकबर्न ३-१ नं मागे. रेघ गेली. रेघ आली: ४-३. ब्लॅकबर्न पुढे! मी गच्चीवर एकटाच ओरडलो, खालून कुत्र्यांनी साथ दिली, समोरच्या घरातला दिवा लागला. जिंकलं आपलं. मग कळलं की सुंदरलँडनंही त्याच वेळी ३-० नं जिंकून टाकलंय. दोघांचे ६९ गुण. गोलफरक. सातवा क्रमांक.

समोरच्या घरातून आवाज आला, "सर, काय झालं?"

"जिंकलो," मी म्हणालो. "पण निकषात नाही बसलो."

"बरं बरं," ते म्हणाले आणि दिवा मालवला. इथे एवढं पुरतं.

पुढल्या मोसमात एकदम एकोणिसावे. खाली जाता जाता वाचले, आणि वाचले तेही कुणाला हरवून? शेवटच्या दिवशी श्रेणीत पहिला आलेल्या लेस्टरला त्यांच्याच घरी २-० नं. दोन्ही गोल सॅमी स्मॉडिक्सचे. त्या मोसमात त्यानं लीगमध्ये २७ गोल केले होते. साडेतीन महिन्यांत तो इप्स्विचला विकला गेला. भाऊंना यात वावगं दिसलं नाही. "वजन भरलं की उचलतात," ते म्हणाले. त्याच्या पुढल्या वर्षी, २०२५ मध्ये, प्रशिक्षक जॉन युस्टेस फेब्रुवारीत, मोसमाच्या मधेच, त्याच श्रेणीतल्या डर्बीला निघून गेले, म्हणजे विनंती बदली. आणि संघ दोन गुणांनी पुन्हा सातवा. 

"सातव्याला बक्षीस काय?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही."

"आणि सहाव्याला?"

"त्यालाही लगेच काही नाही. आधी अजून सामने खेळायचे."

"मग सातवा बरा," भाऊ म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता तिसरं नातं: पाऊस. २० सप्टेंबर २०२५, ईवुड पार्क, समोर तोच इप्स्विचचा संघ. ब्लॅकबर्न १-० नं पुढे, इप्स्विचचा एक खेळाडू लाल कार्ड खाऊन बाहेर, म्हणजे अकरा विरुद्ध दहा. खेळ संपायला जेमतेम दहा मिनिटं. आणि पाऊस. मैदानावर पाणी तुंबलं, चेंडू पुढे जाईना, लाथ मारली की जागच्या जागी थबकायला लागला. पंचांनी खेळ थांबवला, बघितलं, आणि सामना रद्द केला. लीगनं नंतर निर्णय दिला: सामना पुन्हा खेळायचा, पहिल्यापासून. शून्य-शून्यवरून, अकरा विरुद्ध अकरा. गोल गेला, लाल कार्ड गेलं, ऐंशी मिनिटं गेली.

त्या तुंबलेल्या मैदानाचा फोटो मी चिकन सेंटरवर दाखवला तेव्हा बाहेर आमचा पाऊस कोसळत होता. सप्टेंबर असला तरी जव्हार-मोखाड्याच्या पावसाला कॅलेंडर लागत नाही. दुकानात आडोशाला थांबलेल्या सगळ्यांनी फोटो हातोहात बघितला आणि सगळ्यांचं एकमत झालं की हा पाऊस नव्हे. "एवढ्यात आम्ही कबड्डी खेळतो," एक पोरगा म्हणाला. दुसऱ्यानं पाण्याची खोली घोट्याशी मापून दाखवली. इंग्रजांच्या मैदानाला निचरा नाही यावर सखोल टीका झाली. आमच्या बाजारपेठेत तेव्हा गुडघाभर पाणी होतं.

आप्पा मात्र कुणाच्या बोलण्यात पडले नाहीत. ते चष्मा पुसत विचार करत होते.

"नुकसान किती?" त्यांनी विचारलं.

"एक गोल," मी म्हणालो. "आणि समोरचा एक माणूस कमी होता, तो फायदा."

"अतिवृष्टीनं?"

"हो."

"पंचनामा झाला?"

"पंच होते, आप्पा. त्यांनीच सामना बंद केला."

"ते पंच वेगळे. पंचनामा झाला का, विचारतोय. पिकाचं नुकसान झालं तर विमा कंपनीला बहात्तर तासांत कळवावं लागतं. यांनी कळवलं?"

"मला नाही वाटत."

आप्पांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. जवळजवळ नव्वद टक्के उभं पीक वाहून गेलं आणि साधा अर्ज नाही. ते उठले, भाऊंच्या गल्ल्यावरचं पावतीपुस्तक ओढलं, कोरी पाठ वर केली आणि माझ्याकडे पेन मागितलं. विषय: दि. २०/९/२०२५ रोजीच्या अतिवृष्टीमुळे झालेल्या नुकसानीबाबत. गट नंबरच्या जागी त्यांनी ईवुड पार्क लिहायला सांगितलं. तोंडात सुपारी होती, त्यामुळे त्यांच्या उच्चारात मैदान वाडा तालुक्यातलं वाटत होतं.

"आप्पा, हे इंग्रजीत लिहावं लागेल," मी म्हणालो.

"कशाला?" आप्पा म्हणाले. "मालक पुण्याचे आहेत ना?"